डोक्याला मार लागलाय? रोजची वही ठेवा

पुणे महामार्गावर गाडी घसरली, सीटी स्कॅन नॉर्मल आला, की आपल्याकडे लगेच म्हणतात, 'वाचला बाबा!' पण स्कॅन स्वच्छ असूनही मेंदूला इजा असू शकते. यंत्रमागावरचा माणूस तुटलेला धागा जोडायला हात घालतो आणि पुढं काय करायचं तेच आठवत नाही. शांत माणूस भाकरी गार झाली म्हणून ताट भिरकावतो. घरच्यांनी हे तारखेसह वहीत लिहावं, कामाचे बुडालेले दिवसही. डॉक्टरांना ती दाखवा, नुकसानभरपाईच्या दाव्यातही उपयोगी पडते. उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट किंवा गुंगी आली, तर मात्र वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

एमएलसी नोंद (अपघाताची पोलिसांसाठी दवाखान्यात होणारी नोंद), एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं जपा. अपघात पुण्याकडं झाला तरी तुम्ही सोलापुरात राहत असाल, तर दावा इथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत सहा महिन्यांची मुदत आहे, ती गाठाच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 वर फोन करा. तिथल्या मोफत वकिलासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही. आणि विमा कंपनीचा माणूस घाईनं तडजोडीच्या कागदावर सही मागत असेल, तर चहा पाजून परत पाठवा.