वादळी हवेत यॉटमास्टरची प्रॅक्टिकल देताना

यॉटमास्टर म्हणजे होडीचा स्किपर (कप्तान) होण्याची परीक्षा. ती इंग्लंडमधल्या सोलेंटच्या, म्हणजे दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट बेटामधल्या सामुद्रधुनीच्या, पाण्यात असेल तर आदल्या रात्रीच फोरकास्ट आणि भरती-ओहोटीचं टेबल घेऊन बसा, कारण तिथली ओहोटी पश्चिमेकडे जाते आणि नैऋत्येचा वारा बरोबर तिच्या तोंडावर येतो, मग लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडी नुसती आपटत राहते. फोरकास्टमधला फोर्स 7 म्हणजे 28 ते 33 नॉट (ताशी सागरी मैल) वारा! धक्का सोडायच्या आधीच रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा, बाहेर गेल्यावर बघू म्हणू नका. क्रूची लाइफजॅकेट आणि होडीला अडकवायच्या दोराची क्लिप स्वतः हाताने ओढून बघा.

मॅन ओव्हरबोर्ड, म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाला परत उचलायची कसोटी, येणारच. माणसाच्या जागी फेंडर (होडीच्या कडेला लावायचा फुगीर बंपर) पाण्यात पडला की आधी ओरडा, एकाला फक्त फेंडरकडे हाताचं बोट दाखवत उभं करा, त्याने नजर काढायचीच नाही. परत येताना क्लोज रीचवर, म्हणजे वारा समोरून तिरका येईल अशा दिशेने, या, शीट (शिडाचा दोर) सोडली की मेन (मुख्य शीड) फडफडायला हवी, नसेल फडफडत तर अँगल चुकलाय, सरळ पुन्हा फिरून या. गडबडीत जाइब, म्हणजे होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवून वळणं, तर अजिबात नको.

आणि हवा खरंच हाताबाहेर जातेय असं वाटलं तर परीक्षकाला स्पष्ट सांगा की मी बंदरात परततोय. स्किपर तुम्ही आहात.