चुन्याची टाकी काढू नका

शहापूर तालुक्यातल्या एका छोट्या जलशुद्धीकरण केंद्राच्या अपग्रेडवर मला घातलं, तेव्हा डिप्लोमा होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. फ्लॅश मिक्सर, ट्यूब सेटलर, फिल्टरची वाळू हे तुम्ही शिकून आलेले असता. मी फसलो तुरटीत.

मे महिन्यात नमुने घेतले, जार टेस्ट (बरण्यांत तुरटीचे वेगवेगळे डोस टाकून पाहायची चाचणी) छान आली. कोपऱ्यात चुन्याची एक गंजकी टाकी होती. ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, पुरात लागते ती." मी ती भंगारात काढली.

जुलैत नदी चहाच्या रंगाची झाली. मी तुरटीचा डोस वाढवत गेलो: लिटरला ४०, ६०, ८० मिलिग्रॅम. फ्लॉक, म्हणजे गाळ धरून खाली बसणारे पुंजके, धरेचना. पिठासारखी बारीक कणी तरंगत राहिली, फिल्टर तुंबले. दोन दिवस गावाचं पाणी बंद. भर पावसात हंडे घेऊन विहिरीवर निघालेल्या बायका आठवल्या की आजही पोटात कालवतं.

नीट समजून घ्या. १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, खाते. उन्हाळ्यात नदीत खडकातून झिरपलेलं पाणी असतं, अल्कलिनिटी भरपूर. पुरात असतं थेट पावसाचं. त्या दिवशी ती लिटरला ३० मिलिग्रॅम निघाली, म्हणजे ६० च्या डोसलाच संपली. पुढची तुरटी नुसता पीएच पाडत होती, आणि पीएच पडला की फ्लॉक धरतच नाही. गढूळ दिसतंय म्हणून आणखी तुरटी ओतणं म्हणजे खड्डा आणखी खोल करणं.

तिसऱ्या दिवशी काकांनी ड्रममध्ये चुना कालवला. चुना कमी पडलेली अल्कलिनिटी भरून काढतो, म्हणून आधी चुना, मग तुरटी. जारमध्ये वीस मिनिटांत पिंजलेल्या कापसासारखे फ्लॉक खाली बसले.

घाबरू नका, अल्कलिनिटीची तपासणी पाच मिनिटांची आहे. १०० मिली पाणी, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब, ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड. पिवळ्याचं नारिंगी होईपर्यंत जितके मिली लागले, त्याला १० ने गुणा, की लिटरला किती मिलिग्रॅम ते कळतं. पावसाळ्यात हे रोज करा. मोबाइलवर फिरणारे डोसचे तयार तक्ते मात्र वापरू नका, ते तुमच्या नदीचे नसतात. आणि शिकायचं तर आधी ऑपरेटरकडून. त्याने त्या नदीचे वीस पावसाळे पाहिलेले असतात.

चुन्याची टाकी आणि ढवळणी अंदाजपत्रकातच घाला. ठेकेदार म्हणेल गरज नाही. मे महिन्यात त्यालाही ते खरंच वाटतं.