फ्लॅक खरी की खोटी? कन्व्हर्टर उघडण्याआधी हे बघा

फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न छाटता साठवणारी फाइल. ‘एमपी३ची फ्लॅक करा, आवाज सुधारेल’ असं सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. एमपी३ करताना आवाजातलं जे छाटलं गेलं ते गेलं. फ्लॅक केल्याने फक्त फाइल फुगते.

सीडी हाताशी असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरमध्ये सिक्युअर मोड (चुका तपासत सीडी वाचणारा) लावून फ्लॅक करा, संपलं. फ्लॅकची लेव्हल, म्हणजे फाइल किती आवळायची ते, ० ठेवा नाहीतर ८, आवाजात तसूभरही फरक पडत नाही. आयफोनवाल्यांनी अलॅक, म्हणजे ॲपलचा तसाच न छाटणारा प्रकार, घ्यावा.

खरी गोम आहे ती इकडून-तिकडून आलेल्या फायलींत. नावात फ्लॅक आहे म्हणून विश्वास ठेवू नका. ‘स्पेक’ हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यात टाका. गाण्याचं चित्र दिसेल: आडवा वेळ, उभी वारंवारता, आणि रंग म्हणजे आवाजाचा जोर. सीडीवरून आलेल्या आजच्या गाण्यात रंग २२ किलोहर्ट्झच्या दिशेने हळूहळू विरत जातो. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३वरून बनवलेली असेल तर १६-१७ला सुरीने बर्फी कापावी तशी सरळ रेघ दिसते. ३२०ची रेघ साधारण २०ला असते, ती चटकन नजरेत येत नाही. चित्र मोठं करूनच बघा.

पण हा नियम जुन्या नाट्यगीतांना लावाल तर फसाल. ७८ आरपीएमच्या तबकडीवर गाण्यातलं वरचं फारसं काही मुळात नसतंच. वर दिसते ती खरखर. ती काढताना कुणी वरचा भागच छाटला असेल तर अस्सल सीडीतही सरळ रेघ येते. अशा वेळी चित्रावरून निकाल देऊ नका, फाइल कुठून आली ते विचारा. नुसतं चित्र बघून चांगल्या फायली उडवणारे मी पाहिलेत.

मोबाइलसाठी फूबार२००० या प्लेअरमधून ओपस १६० किंवा एएसी २५६ केबीपीएस (दोन्ही एमपी३सारखेच छाटणारे प्रकार) करा, तेही फ्लॅकवरूनच. एमपी३वरून एएसी कधीच नाही, दोनदा छाटणी होते. २४ बिटचं १६ करताना डिदर (मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) चालू ठेवा. आलाप आणि बंदिश वेगळ्या ट्रॅकवर असतील तर एमपी३ टाळा. फायलीच्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते आणि साध्या प्लेअरवर ऐन समेआधी तंबोरा अडखळतो.

एवढं करून ओपस आणि फ्लॅकमधला फरक ऐकू येतो असं वाटत असेल, तर फूबारची एबीएक्स चाचणी लावा; त्यात कोणती फाइल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावतात. आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, नाहीतर जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते.