जुना कोड्यांचा गेम नव्या कन्सोलवर आला की परीक्षणं कशी वाचायची

जुना, गोजिरवाणा कोड्यांचा गेम नव्या कन्सोलवर आला की त्याचं परीक्षण एकाच वेळी दोन गोष्टींबद्दल बोलत असतं. मूळ गेम कसा आहे, ही एक. तो नव्या यंत्रावर आणताना काम कसं झालंय, ही दुसरी. खाली गुण मात्र एकच दिलेला असतो. 'दहापैकी सात' वाचून गेम सोडून देणारे आणि 'नऊ' वाचून दुसऱ्यांदा पैसे मोजणारे, दोघंही त्या एका आकड्यात फसतात. म्हणून आधी आकडा झाकायचा, आणि तक्रारी वेगळ्या करायच्या.

कागदावर दोन रकाने पाडा: 'गेम' आणि 'पोर्ट' (म्हणजे गेम नव्या यंत्रावर आणण्याचं काम). तीन परीक्षणं घ्या. त्यांपैकी निदान एक मूळ आवृत्ती न खेळलेल्याचं असू द्या. तशी परीक्षणं दुर्मिळ असतात, पण शोधण्यासारखी असतात, कारण त्यांत तुलनेचं ओझं नसतं. आता प्रत्येक टीकेसमोर एकच प्रश्न: ही अडचण जुन्या यंत्रावरही होती का? असेल तर गेमच्या रकान्यात, नसेल तर पोर्टच्या.

'कॅप्टन टोड: ट्रेझर ट्रॅकर' हे यासाठी चांगलं उदाहरण. मूळ गेम २०१४ च्या अखेरीस निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर आला आणि १३ जुलै २०१८ रोजी त्याच कंपनीच्या स्विच व थ्रीडीएस या यंत्रांवर. पाठीवरच्या जड पिशवीमुळे गेमच्या नायकाला, टोडला, उडी मारता येत नाही. प्रत्येक लेव्हल म्हणजे एक आटोपशीर देखावा. कॅमेरा चहूबाजूंनी फिरवून लपलेली वाट, तीन हिरे आणि शेवटचा तारा शोधायचा. या गेमबद्दल पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या तक्रारी रकान्यांत टाकल्या तर अशा पडतात. कोडी सोपी, ड्रॅगन आणि मोठ्या पक्ष्याशी होणाऱ्या लढती त्याच त्याच, अरुंद बोगद्यांत कॅमेरा नीट वळत नाही: हे सगळं २०१४ पासूनचं, म्हणजे गेमचं. टीव्हीवर खेळताना मध्येच लुडबुडणारा पॉइंटर (नेम धरण्याची पडद्यावरची खूण), गाळलेल्या लेव्हल, जुन्या गेमला तीच किंमत: हे पोर्टचं. अमेरिकेत वी यूवर त्याची किंमत ३९.९९ डॉलर होती आणि चार वर्षांनी स्विचवरही तितकीच.

यातली किंमतीची तक्रार कोणासाठी खरी, हे नीट बघा. वी यूची जगभरातली विक्री साधारण १ कोटी ३६ लाख, स्विचच्या मानाने फारच कमी. म्हणजे स्विचवर हा गेम घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो आधी खेळलेला नसण्याचीच शक्यता जास्त. 'यात नवीन काही नाही' हे वाक्य दुसऱ्यांदा विकत घेणाऱ्यासाठी मोलाचं, पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी निरर्थक. आपण यांपैकी कोण, हे कागदावर सर्वात वर लिहून ठेवा. कोड्यांच्या गेममध्ये हा फरक इतर प्रकारांपेक्षा जास्त जाणवतो, कारण उत्तर एकदा कळलं की ते कोडं संपलं.

नियंत्रणं: इथे सर्वात जास्त वेळ द्या

पोर्ट फसतो तो बहुतेक वेळा चित्रात नाही, हातात फसतो. मूळ यंत्राकडे काय होतं आणि नव्याकडे काय नाही, याची यादी करा: दुसरा पडदा, स्टायलस (पडद्यावर टेकवायची कांडी), मायक्रोफोन, हालचाल ओळखणारा सेन्सर. वी यूच्या गेमपॅडवर, म्हणजे पडदा असलेल्या कंट्रोलरवर, स्पर्श करून शत्रू क्षणभर थिजवता येत, ठोकळे सरकवता येत आणि मायक्रोफोनमध्ये फुंकर मारून काही फळ्या उचलता येत. पहिल्या स्विचला स्वतःचा मायक्रोफोनच नाही, म्हणजे फुंकरीची गंमत बदलणं भागच होतं. स्पर्शाच्या जागी टीव्हीवर पॉइंटर आला आणि तो कंट्रोलर हलवून फिरवावा लागतो.

हाच पॉइंटर परीक्षणांत वेगवेगळा दिसतो. एकाला तो चालतो, दुसऱ्याला नकोसा होतो. फरक पडतो कुठे? लेव्हल स्थिर असेल आणि ठोकळा निवांत सरकवायचा असेल तर पॉइंटर जरा डगमगला तरी बिघडत नाही. पण शत्रू मागे लागलाय, टोड फळीवर उभा आहे आणि त्याच वेळी दुसरी फळी सरकवायची आहे, अशा ठिकाणी एका हाताने चालवणं, दुसऱ्याने कॅमेरा वळवणं आणि मनगटाने नेम धरणं, तिन्ही एकदम करावं लागतं. कंट्रोलर थोडा खाली ठेवला की नेम मध्यापासून सरकतो आणि ऐन वेळी तो पुन्हा मध्यावर आणावा लागतो. वी यूवर हेच काम बोटाच्या एका टकटकीत होत होतं.

याउलट 'घोस्ट ट्रिक: फँटम डिटेक्टिव्ह' पाहा. निन्टेन्डो डीएसवर हा गेम स्टायलसने खेळला जायचा. ३० जून २०२३ रोजी तो स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आला. स्टायलस गेला तरी इथे फारसं अडत नाही, कारण यात आपण भूत असतो आणि एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत जाण्यासाठी भुताच्या जगात शिरलं की काळ थांबतो. थांबलेल्या काळात कंट्रोलरवरच्या स्टिकने निवड करायला दोन सेकंद जास्त लागले तरी काही गमवावं लागत नाही.

म्हणून परीक्षणात 'नियंत्रणं चांगली' किंवा 'वाईट' एवढंच असेल तर ते वाक्य सोडून द्या. निवड करताना घड्याळ चालू असतं की थांबलेलं, हे सांगणारं वाक्य शोधा.

त्याला जोडून दुसरी गोष्ट: परीक्षकाने गेम कसा खेळला? टीव्हीला जोडून, की हातात धरून? हातात धरल्यावर स्विचवर टोडचा पॉइंटर जातो आणि त्याच्या जागी थेट स्पर्श येतो. तिथे वेगळी अडचण असते: स्पर्शासाठी एक हात कंट्रोलरवरून सोडावा लागतो आणि बोटाआड देखाव्याचा काही भाग झाकला जातो. टीव्हीवर खेळून लिहिलेली तक्रार हातात धरून खेळणाऱ्याला लागू होत नाही, आणि उलटही तसंच. ज्या परीक्षणात हे कुठेच लिहिलेलं नाही, त्यातला नियंत्रणांचा परिच्छेद मी जमेस धरत नाही.

काय गेलं, काय आलं

टोडच्या वी यू आवृत्तीत 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड'मधल्या काही लेव्हल बक्षीस म्हणून होत्या. २०१८ मध्ये त्या काढून 'सुपर मारिओ ओडिसी'वर बेतलेल्या लेव्हल घातल्या. स्विचवर दोघांनी मिळून खेळण्याची सोयही आली. 'घोस्ट ट्रिक'मध्ये सरकत्या चौकटींची चित्रकोडी वाढली. भर किती, यापेक्षा ती कुठे बसवली हे विचारा. गेम संपवल्यावरच उघडणाऱ्या लेव्हलसाठी जुन्या खेळाडूला आधी सगळं पुन्हा पार करावं लागतं.

'सोपा' आणि 'लहान' या शब्दांचं काय करायचं

परीक्षकाने फक्त ताऱ्यापर्यंत धाव घेतली की सगळे हिरे गोळा केले, हे पाहा. टोडमध्ये प्रत्येक लेव्हलला एक जादा उद्दिष्टही असतं आणि ते लेव्हल पार केल्यावरच कळतं. नुसतं पार करणाऱ्याला गेम सोपा आणि तोकडा वाटतो. सगळं जमवणाऱ्याचा वेळ आणि डोकं, दोन्ही बरंच जास्त खर्च होतं. तासांचा आकडा वाचताना तो यांपैकी कोणत्या खेळाचा, हे त्याच परिच्छेदात असायला हवं.

'तेच तेच' ही तक्रारही खेळण्याच्या वेगाशी बांधलेली असते. परीक्षकाला गेम बाजारात येण्याआधी संपवायचा असतो, म्हणून तो सलग बसतो. पाच-दहा मिनिटांच्या लेव्हल रोज दोन-तीन खेळणाऱ्याला ड्रॅगन पुन्हा भेटतो तो बऱ्याच दिवसांनी. त्यामुळे ही टीका मी निम्म्या वजनाने घेतो. कॅमेऱ्याची टीका मात्र पूर्ण वजनाने घ्या, कारण बोगदा रोज थोडा खेळला तरी तितकाच अरुंद राहतो.

सरासरी गुण

अनेक परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या संकेतस्थळांपैकी मेटाक्रिटिक काही प्रकाशनांना जास्त वजन देतं, ओपनक्रिटिक साधी सरासरी काढतं. म्हणून एकाच गेमचे आकडे थोडे वेगळे दिसतात. सरासरीपेक्षा पसारा पाहा. बहुतेक गुण जवळजवळ असतील आणि दोन-तीन फार खाली असतील, तर ते खालचेच आधी वाचा. कोणत्या यंत्रावरचं पान उघडलंय, तेही तपासा. शोधात जुन्या कन्सोलचं पान सहज वर येतं.

तारीख

परीक्षण पहिल्या दिवसाचं असतं, गेम पुढे बदलतो. दोघांच्या खेळाबद्दल २०१८ मध्ये जे लिहिलं गेलं, ते आज जसंच्या तसं लागू नाही: फेब्रुवारी २०१९ मध्ये मोफत अपडेटने ती सोय वाढवली गेली आणि मार्चमध्ये 'स्पेशल एपिसोड' ही विकतची भर आली, तिच्यात १८ नवी आव्हानं आहेत. २०२५ मध्ये स्विच २ साठीही मोफत अपडेट आलं. म्हणून पोर्टच्या रकान्यातली प्रत्येक तक्रार गेमच्या अपडेट नोंदींशी ताडून पाहा आणि सुटलेली खोडून टाका. गेमच्या रकान्यातल्या तक्रारी अपडेटने सहसा सुटत नाहीत.

उरलेल्या तक्रारी हाताने तपासा

टोडचा मोफत डेमो स्विचवर आला होता. बऱ्याच पुनःप्रकाशित गेमना असा डेमो असतो. मिळाला तर तो मजेसाठी नव्हे, यादी घेऊन खेळा. एक लेव्हल टीव्हीवर खेळा. मध्येच कंट्रोलर मांडीवर ठेवा, पुन्हा उचला आणि पॉइंटर ताळ्यावर यायला किती वेळ जातो ते पाहा. तीच लेव्हल हातात धरून खेळा आणि बोट पडद्यावर न्यायला किती वेळा पकड सोडावी लागली ते मोजा. कॅमेरा मुद्दाम भिंतीजवळ नेऊन गोल फिरवा. दोघांनी खेळायचं असेल तर दुसरा कंट्रोलर खरोखर दुसऱ्याच्या हातात द्या: पॉइंटर सांभाळणाऱ्याला दहा मिनिटांत कंटाळा येत असेल, तर पुढेही येईल.

डेमो नसेल तर समालोचन नसलेला खेळाचा व्हिडिओ पाहा, पण बेतानं. सुरुवातीच्या लेव्हलमध्ये अवघड नियंत्रणं सहसा येत नाहीत, आणि पुढची लेव्हल शेवटपर्यंत पाहिली तर उत्तर कळून ते कोडं वाया जातं. मधली एखादी लेव्हल उघडा, पहिली सरकती फळी किंवा पहिला पाठलाग येईपर्यंतच पाहा, आणि तिथे थांबवा.