पावसाळ्यात शेडमध्ये शिरणारा साल्मोनेला: इंदूर परिसरातील कुक्कुटपालकांसाठी सल्ला

सांवेर, देपालपूर, महू या पट्ट्यात झड लागली की काळी माती बुटांना चिकटून थेट गादीवर (कोंबड्यांखाली पसरलेल्या तुसाच्या थरावर) येते, आणि बिळांत पाणी शिरल्यावर उंदीर शेडचा आसरा धरतात. साल्मोनेला हा आजार पसरवणारा जंतू या दोन्ही वाटांनी आत येतो. सोयाबीनची काढणी झाली की शेतातले उंदीर पुन्हा शेडकडे वळतात, म्हणून दसऱ्यापर्यंत ढिलाई नको.

फाउल टायफॉइड आणि पिल्लांची पांढरी हगवण हेही साल्मोनेलाचेच रोग. त्यात मर लागते, पण त्यांचे जंतू माणसाला क्वचितच बाधतात. माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेलाचे प्रकार, एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम, मोठ्या कोंबडीत बहुधा काहीच लक्षण दाखवत नाहीत. पक्षी खातोपितो, अंडी देतो आणि विष्ठेतून जंतू टाकत राहतो. एन्टेरिटिडिस अंडाशयातही उतरतो. तेव्हा मर नाही म्हणजे फार्म स्वच्छ, असं धरून चालू नका.

सर्वांत आधी उंदीर. एका बॅचचा जंतू पुढच्या बॅचला तेच पोचवतात. भिंतीलगत १ मीटर पट्टा गवताविना ठेवा, फटी ६ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नकोत, सांडलेलं खाद्य रोज संध्याकाळी उचला.

पाण्यासाठी १००० लिटरला ३३ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर १० ग्रॅम पुरते. ती आधी बादलीत कालवा, गाळ बसू द्या आणि वरचं नितळ पाणीच टाकीत ओता. गाळाने निपल (पक्षी चोच लावून पाणी पितात त्या तोट्या) तुंबतात. अर्ध्या तासानंतरच पाणी सोडा. उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत दम सोडते, म्हणून डबा घट्ट झाकलेला हवा. शेवटच्या निपलचं पाणी क्लोरीन तपासायच्या पट्टीने तपासा. तिथे क्लोरीन जवळजवळ नसेल, तर पाइपात बुळबुळीत थर साचला आहे. तो धुऊन काढल्याशिवाय मात्रा वाढवून उपयोग नाही. पाण्यातून लस द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद.

गादीचं तूस मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. ड्रिंकरखालचा ओला भाग काढून कोरडं तूस घाला.

अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा. मळकी अंडी गार पाण्यात बुडवणं हा फार नुकसान करणारा प्रघात आहे: कोमट अंडं गार होताना आतला भाग आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण पाणी आत ओढलं जातं. हलका मळ कोरड्या फडक्याने पुसा. तडकलेली किंवा विष्ठेने माखलेली अंडी विकू नका.

अँटिबायोटिकने जंतूचं वाहकपण हमखास जात नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. कोलिस्टिनवर तर २०१९ पासून बंदी आहे. कोंबड्यांचं ताजं खत मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात घालू नका, आधी कुजवा.

घरात पिवळं घट्ट होईपर्यंत अंडं शिजवा. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना हाफफ्राय देऊच नका. कच्चं चिकन नळाखाली धुतलं तर शिंतोडे ओट्याभर उडतात. जुलाब-ताप असलेल्या मजुराला बरा होईपर्यंत अंड्यांच्या कामावर ठेवू नका. मर वाढली तर ताजा मेलेला पक्षी बंद पिशवीत, बर्फात ठेवून पशुवैद्यकाकडे न्या, आणि तपासणी होईपर्यंत औषध सुरू करू नका.