स्वतःच्या गाडीने नेपाळला जाताना: बिघाड आणि दुरुस्तीच्या खर्चाची तयारी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातून स्वतःच्या मोटारीने काठमांडू-पोखऱ्याला जाण्याचा बेत आखणाऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. सुनौलीची सीमा गाठेपर्यंत गाडी दोन हजार किलोमीटरच्या आसपास धावलेली असते आणि खरा डोंगर त्यानंतर, बुटवलच्या पुढे सुरू होतो. तेथे बंद पडलेली गाडी महाग पडते ती सुट्या भागाच्या किमतीपेक्षा अधिक कागदपत्रांची मुदत, वाया जाणारे दिवस आणि घाईत दिलेला होकार यांमुळे. म्हणून दुरुस्तीची तयारी कागदपत्रांपासून करावी.

भारतीय नोंदणीच्या गाडीला नेपाळच्या सीमेवर भन्सार, म्हणजे जकातीचे शुल्क, दिवसांच्या हिशेबाने भरावे लागते. ठरलेल्या मुक्कामापेक्षा दोन दिवस जास्त भरून ठेवावेत, कारण गाडी गॅरेजमध्ये अडकली आणि मुदत उलटली तर दंडाचा भुर्दंड वेगळा बसतो. बिघाड मोठा असेल तर मुदत संपण्यापूर्वीच जवळच्या भन्सार कार्यालयात जाऊन परिस्थिती सांगावी आणि गॅरेजचे लेखी पत्र सोबत न्यावे. आपल्या सीमाभागात एक अडचण हमखास असते: गाडी भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर, पासिंग कोल्हापूरचे, आणि चालवणारा बेळगावचा. अशा वेळी मूळ मालकाचे अधिकारपत्र नोटरी करून घ्यावे आणि ते इंग्रजीत असावे. कन्नड किंवा मराठी मजकूर सुनौलीच्या खिडकीवर कोणाला समजेल, अशी अपेक्षा धरू नये. गाडीवर पतसंस्थेचे किंवा बँकेचे कर्ज असेल तर त्यांचे ना हरकत पत्रही फाईलमध्ये असू द्यावे.

विम्याबाबत फार मोठा गैरसमज आढळतो. भारतीय मोटार पॉलिसी मुळात भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांसाठी जादा हप्ता भरून तिचे क्षेत्र वाढवून घ्यावे लागते आणि तशी नोंद पॉलिसीच्या कागदावर आल्याशिवाय निघू नये. ही नोंद असली तरी सर्वसाधारण पॉलिसी अपघाताचे नुकसान भरून देते. क्लच जळणे, पंप निकामी होणे किंवा वायरिंगचा बिघाड यांचा खर्च ती देत नाही. रस्त्यावरच्या मदतीची जी सेवा पॉलिसीसोबत मिळते, तीही बहुतेक वेळा देशापुरतीच असते. तेव्हा दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढणे भागच आहे. ती भारतीय शंभराच्या नोटांत ठेवावी आणि काही भाग नेपाळी चलनात बदलून घ्यावा. भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६० रुपये हा दर बांधलेला असल्यामुळे हिशेबात फसवणूक लगेच ओळखता येते.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी गाडी पूर्ण भरून, सामान आणि माणसे बसवून, चोर्ला घाट उतरून पुन्हा चढवावी, असा माझा आग्रह आहे. सर्व्हिसिंगच्या पावतीपेक्षा ही चाचणी जास्त खरे सांगते. उतरताना ब्रेकचा जळका वास येतो का आणि चढताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलतो का, ते पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून रेडिएटरच्या होज पाईपवरून हात फिरवावा. क्लॅम्पच्या कडेला पांढरट किंवा हिरवट, मिठासारखा वाळलेला थर दिसला, तर कूलंट गरम झाल्यावर तेथून थोडे थोडे झिरपत आहे असे समजावे. बेळगावात हा पाईप आणि क्लॅम्प किरकोळ खर्चात बदलून होतो. तोच बुटवलच्या पुढे पाल्प्याच्या चढावर फुटला तर इंजिनच्या हेड गॅस्केटपर्यंत काम जाते. टायरच्या बाजूवर ठशातले चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असली तरी जुन्या टायरच्या कडेला बारीक भेगा असतील, तर तो बदलूनच निघावे.

सोबत फॅनबेल्ट, फ्यूज, होज क्लॅम्प, एक लिटर इंजिन ऑइल, कूलंट, टोचनची रस्सी आणि हवा भरलेली स्टेपनी एवढे पुरेसे आहे. बीएस-६ डिझेल गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण) लागत असेल तर त्याचा कॅनही घ्यावा.

घाटात काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा, म्हणजे इंजिनची काही उष्णता आत खेचली जाते, आणि सुरक्षित जागा दिसताच थांबावे. काटा लाल पट्ट्यात पोहोचला असेल तर इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर येते. पुढे जाण्याच्या हट्टापायी तापलेले इंजिन रेटणे हीच सर्वांत महागडी चूक आहे.

आपल्याकडे तुटलेली वस्तू बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नेली की लेथवर बुश वळवून मिळतो, ब्रॅकेटला वेल्डिंग होते आणि संध्याकाळी गाडी दारात असते. ही सवय परदेशात उपयोगी पडत नाही. भारतात सर्रास दिसणाऱ्या अनेक कंपन्यांच्या गाड्या नेपाळमध्येही विकल्या जातात, त्यामुळे सुटे भाग मिळतात. परंतु जकातीमुळे ते महाग असतात आणि लहान गावात मागवून घ्यावे लागतात. गाडी खोलण्यापूर्वी बिघाड काय आहे, भागाची किंमत किती आणि मजुरी किती, हे कागदावर वेगवेगळे लिहून घ्यावे. किलोमीटरच्या काट्याचा आणि बिघडलेल्या भागाचा फोटो काढावा, जुना भाग परत मागावा. अपघात असेल तर विमा कंपनीला कळवल्याशिवाय एकही नट सैल करू देऊ नये.

त्यानंतर मिस्त्रीला विचारायचा प्रश्न एकच: एवढ्या दुरुस्तीवर गाडी सीमेपर्यंत सुरक्षित पोहोचेल का? पोहोचत असेल तर तेवढेच काम करून घ्यावे आणि उरलेले गोरखपूरला करावे. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांना मात्र ही सवलत देऊ नये. नवरात्रात जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तोच काळ दशैं या नेपाळच्या मोठ्या सणाचा असतो आणि तेव्हा कारागीर गावी गेल्यामुळे अनेक गॅरेजे बंद राहतात. दिवाळीच्या दिवसांत तेथे तिहार हा सण असतो.

नेपाळच्या पलीकडे, इराणसारख्या देशांतून लांबचा प्रवास करणाऱ्यांना कार्ने हे जकातीच्या हमीचे पुस्तक लागते, जे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते आणि ज्याची मुदत एक वर्ष असते. दुरुस्ती परवडत नाही म्हणून गाडी तेथेच सोडून दिली, तर त्या देशाची जकात हमीच्या रकमेतून वसूल होऊ शकते. त्यामुळे इंजिन पूर्ण निकामी झाले तरी गाडी ट्रकवर चढवून सीमेबाहेर काढावी आणि कार्नेच्या पानावर निर्गमनाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय चौकी सोडू नये.