केवळ मुखपृष्ठालाच पार्श्वभूमी : माझा अनुभव

एका अहवालाच्या फक्त मुखपृष्ठामागे मला चित्र हवे होते. परंतु मायक्रोसॉफ्ट वर्डमधील ‘डिझाइन’ टॅबखालचा ‘पेज कलर’ हा पर्याय संपूर्ण दस्तऐवजाला लागू होतो, आणि त्यातील ‘फिल इफेक्ट्स’मधून घातलेले लहान चित्र फरशांसारखे पुन्हापुन्हा उमटते. म्हणून मी पहिल्या पानाच्या शेवटी ‘नेक्स्ट पेज’ प्रकारचा सेक्शन ब्रेक (दस्तऐवजाचे दोन स्वतंत्र विभाग पाडणारी खूण) घातला, दुसऱ्या विभागाच्या हेडरमध्ये (विभागाच्या प्रत्येक पानावर वर दिसणाऱ्या भागात) जाऊन ‘लिंक टू प्रीव्हियस’ ही आधीच्या विभागाच्या हेडरशी असलेली जोडणी बंद केली आणि त्यानंतर पहिल्या विभागाच्या हेडरमध्ये चित्र घालून, ‘बिहाइंड टेक्स्ट’ निवडून, ते पानाच्या कडांपर्यंत ताणले. हा क्रम पाळणे आवश्यक आहे, कारण जोडणी आधी तोडली नाही तर चित्र पुढील विभागातही उतरते आणि तेथून ते वेगळे पुसावे लागते. मजकूर लिहिताना हे चित्र पडद्यावर फिकट दिसते. छपाईत मात्र रंग पूर्ण येतात. ‘पेज कलर’च वापरायचा असल्यास ‘ऑप्शन्स’मधील ‘डिस्प्ले’ विभागात पार्श्वभूमीचे रंग छापण्याचा पर्याय सुरू करावा लागतो. लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच प्रणालीमध्ये प्रत्येक पानशैलीला (पानाच्या मांडणीच्या नाव दिलेल्या साच्याला) स्वतंत्र पार्श्वभूमी देता येते, आणि ती रचना मला अधिक सरळ वाटते.